दादा, अंडं कुठल्या भांड्यात करायचास?

दादा, तू आईला फसवलंस. सकाळी तिला अंडं भरवलंस, ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसलंस आणि छातीत कळ येत असताना तिला म्हणालास, "आई, विपश्यनेच्या शिबिराला जातोय. दहा दिवस फोन नसेल." मग कपड्यांची पिशवी घेतलीस, रिक्षा केलीस आणि एकटाच जाऊन दवाखान्यात पडलास. संध्याकाळी गेलास. आणि ते फसवणं पुढे चालवायला मला ठेवून गेलास.

मलाही फसवलंस. ते पुढे सांगतो, कारण ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

समाजाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहा, म्हणून लोक मागे लागलेत. त्यांना तुझी नोकरी, तुझी बढती, कुठल्या समितीत काय होतास ते हवंय. ते दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या म्हटलं. मला तुझ्याशी भांडायचंय. आईला आता अक्षर दिसत नाही, म्हणूनच हे छापायला देतोय. ज्यांच्या हाती अंक पडेल त्यांनी इंदूरला विजय नगरच्या तुझ्या घरात यातलं काही बोलू नये, मी हात जोडतो. माल विकतानाही मी कधी कोणापुढे हात जोडले नाहीत, हे कारखान्यांच्या सगळ्या सांवेर रोडला ठाऊक आहे. आता जोडतोय. कारण मला भीती वाटते.

कसली भीती ते तुला सांगायला हवं, दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. रात्री माझी बायको सुजाता आईपाशी झोपते, सकाळी मी येतो. तुझ्या दाराशी आलो की मी तिथेच उभा राहतो. आत आई जागी असते. तिला माणसं आता सावलीसारखी दिसतात, पण कान असे तिखट झालेत, की जिन्यात कोणाच्या चपलेचा पट्टा तुटलाय हेही ती सांगते. ती म्हणते, "आलास नंदू?" आणि मी उगाच चपला काढत बसतो. साठीला आलेला माणूस मी. पत्र्याच्या व्यापाऱ्यांना घाम फोडलाय. आणि आईने "आलास" म्हटलं की मला वाटतं, माझ्या एका श्वासावरून हिला सगळं कळेल. हिचं हृदय थांबेल आणि ते मी थांबवलेलं असेल.

दवाखान्यात तू मला काय सांगितलंस ते आठव. नाकाला नळी, तरी तुझी मास्तरकी चालूच.

"आईला कळू देऊ नको. शिबिराला गेलोय म्हणून सांगितलंय."

"झूठ बोलून आलास?"

"तिचा झटका विसरलास काय? डॉक्टर म्हणालेत ना, तिला जपा म्हणून. मी बरा होऊन घरी गेलो की आपण होऊन सांगेन. आणि ऐक, सकाळी तिला अंडं करून दे. ताकद राहिली पाहिजे. नेहमीच्या भांड्यात कर."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "भांड्यांचं तू मला शिकवतोस?"

तू हसलास. "नाही बाबा. तू तर पॅनवाले सेठ."

मी औषध आणायला खाली गेलो. वर आलो तर पडदा ओढलेला होता. म्हणजे आपल्या दोघांचं शेवटचं बोलणं हे झालं. मी तुला कुठलं भांडं ते सांगूच दिलं नाही. आणि तूही सांगायचा हट्ट केला नाहीस. जन्मभर प्रत्येक गोष्ट दोनदा सांगणारा माणूस तू, नेमकी हीच एकदाही धड सांगितली नाहीस.

भांड्यांचं मला कोणी शिकवू नये, असं मी म्हणतो त्याला कारण आहे. तू कॉलेजात गेलास तेव्हा मी सांवेर रोडला प्रेस मशीनवर उभा राहिलो. ॲल्युमिनियमची गोल चकती आत घालायची, ताट होऊन बाहेर काढायचं. आज माझा स्वतःचा कारखाना आहे, मी फ्राय पॅन बनवतो. पॅनवर बोटाचं पेर मारून मी पत्र्याची जाडी सांगतो. माझ्या पॅनला काही चिकटत नाही. माझी भाकरीच त्या एका गोष्टीवर आहे, की काही चिकटू नये.

आणि तू मला एका अंड्यावर हरवलंस.

बाबा गेल्यावर आई कोणाकडे राहणार, यावरून अन्नपूर्णा रोडच्या माझ्या घरात आपण बसलो होतो. मी सगळी तयारी ठेवली होती. खालच्या मजल्यावर खोली, हवेशीर, संडास-बाथरूम लागून, दिवसभराला बाई. तू काय आणलं होतंस? काही नाही. सडाफटिंग माणूस, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्टसुद्धा अधूनमधून बंद. सौदा माझ्या बाजूने होता. तेव्हा तू चहाचा कप खाली ठेवून शांतपणे म्हणालास, "तिला सकाळी माझ्या हातचं अंडं लागतं."

"अंडं? मी स्वयंपाकी ठेवतो."

"मग आईलाच विचार."

आई पदराशी चाळा करत बसली होती. मी विचारलं. ती म्हणाली, "तुझ्याकडे सगळं चांगलं आहे रे नंदू. पण तुझ्याकडे अंडं रबरासारखं होतं."

सुजाता तोंडाला पदर लावून हसली. तू हसला नाहीस, हे तुझं मोठेपण. मला तेव्हा त्याचाच जास्त राग आला.

आजोबा महूला फौजेच्या मेसमध्ये होते. साहेब लोकांच्या नाश्त्याचं ते मऊ, ओलसर, कांदा-मिरची काही नसलेलं अंडं त्यांनी घरी आणलं आणि त्याचं मेसमधलं नावही आणलं, रंबल-टंबल. आपल्या घरात भुर्जी पाहुण्यांसाठी आणि रंबल-टंबल आजारी माणसासाठी. आजोबांकडून ते आईला आलं, आईकडून तुला. माझ्यापर्यंत आलंच नाही. मी सकाळी मशीनवर असायचो.

दुसऱ्याच दिवशी मी कारखान्यातला सगळ्यात भारी पॅन तुझ्या घरी आणून दिला. जाड बुडाचा, परदेशी मालासारखा. म्हटलं, "घे. यात माकडाने केलं तरी अंडं मऊ होईल." तू तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिलास. "वा! रोज यातच करत जाईन."

त्यानंतर दर भेटीत मी विचारायचो, "पॅन कसा चाललाय?" आणि तू म्हणायचास, "एक नंबर भिया, काही चिकटत नाही."

दादा, तुला माहीत नाही त्या शब्दाने मला काय दिलं होतं. रोज सकाळी गाडीतून कारखान्याला जाताना मला वाटायचं, आत्ता आई माझ्या पॅनमधलं अंडं खात असेल. आई तुझ्याकडे, कबूल. अंडं तुझ्या हातचं, तेही कबूल. पण भांडं माझं. एवढा तरी माझा वाटा.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या सकाळी मी तुझ्या स्वयंपाकघरात उभा राहिलो. "अंडं मी करते ना," सुजाता म्हणाली. "दादाने मला सांगितलंय," मी म्हणालो आणि तिला खालच्या शेजाऱ्यांकडे पाठवलं. मी माझा पॅन शोधायला लागलो. ओट्याखाली नाही, मांडणीवर नाही. शेवटी स्टूल घेऊन माळ्यावर पाहिलं. तिथे तो खोक्यात होता, वरचं प्लास्टिकही न काढलेला. मुठीला बांधलेली सुतळीसुद्धा माझ्याच कारखान्यातली.

मी स्टुलावर उभा राहून तुला शिव्या दिल्या. तोंडातल्या तोंडात, कारण पलीकडे आई होती. आयुष्यभर मी बाजार केला, मला कोणी ठकवलं नाही. सरळमार्गी म्हणून ज्याला सगळे डोक्यावर घेतात त्या माझ्या भावाने वर्षानुवर्षं माझ्या तोंडावर मला ठकवलं. आणि मला ते कळलं तेव्हा जाब विचारायला तू नव्हतास.

पण रागाला वेळ नव्हता. आई आतून म्हणाली, "नंदू, भूक लागली."

मी प्लास्टिक फाडलं आणि माझ्याच पॅनमध्ये अंडं केलं. सुरेख झालं. पिवळंधमक, कुठे डाग नाही. आईने एक चमचा तोंडात घेतला, जिभेवर फिरवला.

"हॉटेलातलं आहे का रे?"

"मी केलं, आई."

"चांगलं आहे," ती म्हणाली आणि बशी सरकवली.

मग मी एकेक भांडं काढत गेलो. लोखंडी तव्यात केलं, ते काळपट, कोरडं झालं, आई म्हणाली, "याला जखमेवरच्या खपलीसारखा वास येतो." बिडाच्या तव्यात केलं, तो तापेपर्यंत तापत नाही आणि तापला की थांबत नाही, अंड्याचा भुगा झाला. कढईत केलं, मध्ये शिजलं, कडेला कच्चं. स्टीलच्या थाळीत केलं, ते चिकटलं आणि करपलं. मला प्रत्येक धातूचा स्वभाव माहीत आहे. कुठला लवकर तापतो, कुठला उष्णता धरून ठेवतो, हे मी गिऱ्हाइकाला झोपेत सांगीन. तरी रोज सकाळी आई दोन घास खायची आणि बशी परत द्यायची. तिच्या हाताची हाडं वर यायला लागली. डॉक्टर म्हणाले, "ये खा क्यूं नहीं रहीं?" मी त्यांना काय सांगणार, की मला भांडं सापडत नाही?

मला ते सोपं गणित दिसत होतं. तिने खाल्लं नाही तर ती जाईल. तिला कळलं तरी ती जाईल. आणि भांडं सापडेपर्यंत दोन्ही माझ्याच हातात.

त्यात तुझे मित्र. तू गेल्यावर भेटायला यायला लोकांना इंदूरमध्ये दुसरी जागा नव्हती, सगळे तुझ्याच घरी येणार. म्हणून तळमजल्यावरच्या वर्मा भाभींनी आपली बैठक दिली. सुजाता तिथे बसायची, आलेल्यांना तिथेच अडवायची, चहा करून द्यायची आणि हळू बोला म्हणून सांगायची. बिचाऱ्या भाभी. त्यांच्या सोफ्यावर बसून लोक तुझ्यासाठी रडायचे आणि त्या आपल्या घरात पाहुण्यासारख्या उभ्या राहायच्या. तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमसुद्धा आम्ही लांबच्या हॉलमध्ये केला. वंदना घेताना माझं लक्ष फोनवर. आई उठून बसली नाही ना, कोणी वर गेलं नाही ना.

एक दिवस तुझ्या सकाळच्या फिरण्यातले गुप्ताजी सुजाताची नजर चुकवून थेट वर आले. मी दार उघडलं आणि ते माझ्या गळ्यातच पडले.

"आनंद भिया, ये क्या हो गया! अपना मिलिंद..."

मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. वयाने मोठा माणूस, मी त्यांना तसंच ढकलत जिन्यात नेलं. ते हुंदके देत होते, थांबतच नव्हते. आतून आई म्हणाली, "कोण आहे रे नंदू?"

"गॅसवाला, आई!"

आत पलंग करकरला. मग, "गॅसवाला रडतोय कशाला?"

"दर वाढलेत!"

गुप्ताजी रडता रडता हसले आणि मग आणखीच रडले. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभा होतो. माझं काळीज इतकं धडधडत होतं, की वाटलं, तुझं जे झालं ते माझंही इथेच होणार. आपल्या दोघांची छाती एकाच घरची. मग आईला अंडं कोण करणार?

परत आत आलो तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. "गॅसवाल्याला पाणी दिलंस का?" तिने विचारलं. "दिलं," मी म्हणालो. एवढंच.

त्याच्या पुढच्या सकाळी ती मला म्हणाली, "नंदू, तू दूध कशात तापवतोस?"

"पातेल्यात."

"ते टकटक करणारं कुठे गेलं?"

मला एकदम आठवलं. तुलाही आठवेल. महूच्या घरातलं ते दांड्याचं ॲल्युमिनियमचं भांडं, दुधाचं. मी लहान असताना अटालेवाला भंगार घ्यायला गल्लीत यायचा. भंगार दिलं की काडीवरचे साखरेचे बुढ्ढी के बाल मिळायचे. आई नदीवर गेली होती, मी ते भांडं उचलून त्याच्याकडे गेलो. माझा पहिला सौदा. त्याने एका काडीचं सांगितलं, मी तीन काड्यांवर अडून बसलो. सौदा ठरला, त्याने भांडं पोत्यात बसावं म्हणून बुडावर हातोडा घातला. पहिलाच घाव पडला आणि तू घरातून ओरडत आलास, "ओ, ते आईचं आहे!" तू त्याच्या हातातून हिसकावून घेतलंस. मी रस्त्यात पाय आपटत रडलो. तेव्हापासून त्या भांड्याचं बूड वाकडं. शेगडीवर ठेवलं, की ते आपल्याआप हलतं आणि टकटक करतं.

ते अजून आहे, हेच मला माहीत नव्हतं.

मी खाली धावलो. वर्मा भाभींच्या ओट्यावर चहा उकळत होता, भोवती कप मांडलेले. चहा त्याच भांड्यात होता. भांडं गॅसवर टकटक करत होतं.

"हे कुठून आणलंस?" मी सुजातावर ओरडलो.

"दादांच्याच घरातलं. पहिल्या दिवशी भाभींकडे मोठं भांडं सापडेना, म्हणून वरून घेऊन आले. का?"

"रिकामं होतं?"

"मोरीत पाणी घालून ठेवलेलं होतं. तळाशी अंडं चिकटलं होतं, घासता घासता हात दुखले माझे."

दादा, मी भाभींच्या स्वयंपाकघरात खाली बसलो. तुझ्यासाठी भेटायला आलेल्या सगळ्यांनी तुझ्या दुःखाचा चहा आईच्या अंड्याच्या भांड्यातून प्यायला होता. आणि मी दोन मजले वर जगातले सगळे धातू तापवत बसलो होतो.

तेव्हा मला सगळं दिसलं. रविवारी मी कधी आलो, की तू ओट्याशी उभा राहून एका भांड्यातून पोळीने काहीतरी खरवडून खात असायचास. मी म्हणायचो, "बशी घ्यायची पद्धत नाही का या घरात?" तू म्हणायचास, "बशी एक कमी धुवावी लागते." तू आईचं दूध त्यात तापवायचास, दूध पेल्यात ओतायचास. कडेला साय राहायची, तळाला दुधाचा थर. त्यातच अंडी फोडायचास, मीठ घालायचास. ॲल्युमिनियम पातळ, लगेच तापतं, आचेवरून उचललं की लगेच निवतं. खालचा पापुद्रा तळाला चिकटायचा आणि वरच्या अंड्याला आच लागू द्यायचा नाही. वरचं मऊ आईला. खालची खरवड तुला. मी जन्मभर काही चिकटू नये म्हणून पॅन बनवले आणि तुझं सगळं कसब ते चिकटू देण्यात होतं.

आणि शेवटच्या दिवशी तू खरवड खाल्लीच नाहीस. पाणी घालून मोरीत ठेवलीस. म्हणजे छातीत दुखायला लागलं होतं आणि तरी तू आधी तिचं अंडं पुरं केलंस. हे मला तेव्हा कळलं. त्यासाठी तुझे पाय धरावेत की कानाखाली वाजवावी, अजून ठरलेलं नाही. आधी दवाखान्यात गेला असतास तर?

भांडं घासून वर आणलं. दूध तापवलं. भांडं टकटक करायला लागलं आणि आतल्या खोलीत आईची कूस बदलण्याची सळसळ थांबली. मी दूध ओतलं, अंडी फोडली, लाकडी चमच्याने हळूहळू ओढत गेलो, उचलत, ठेवत. मला वाटलं, तू मागे उभा आहेस आणि म्हणशील, "आच कमी कर, सेठ." मी आच कमी केली.

झालं. तेच झालं, दादा. तसंच ओलं, तसंच दाणेदार, सायीच्या वासाचं.

आईने पहिला घास घेतला आणि थांबली. मग खात गेली. एक शब्द न बोलता सगळं संपवलं, बोटाने बशी पुसून घेतली. मला वाटलं मी जिंकलो. इतका मोठा सौदा मी आयुष्यात केला नव्हता. ती जेवली, म्हणजे ती जगणार, तिला काही कळलेलं नाही.

"भांडं इकडे दे," ती म्हणाली.

मी दिलं. तिने बुडावरून हात फिरवला, त्या पोच्यावर बोट ठेवलं. मग आत हात घालून तळ चाचपला.

"मागच्या शिबिराला गेला होता ना मिलिन," ती म्हणाली, तुला अजून मिलिनच म्हणते, "तेव्हा हे भांडं पालथं घालून गेला होता. म्हणाला, मी आलो की सुलटं करीन. तोवर मी दलिया खाल्ला. कोणाला हात लावू दिला नाही त्याने याला."

मी बशी उचलली.

"तुला माहीत नव्हतं का रे?"

"नव्हतं, आई."

"हूं." मग तिने ते भांडं माझ्या हातात दिलं आणि माझी मूठ त्याच्या दांड्यावर आपल्या दोन्ही हातांनी दाबून धरली. "खरवड आता तू खात जा. टाकायची नाही."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभा राहून ती खाल्ली. सोबत पोळी नव्हती. तरी खाल्ली.

तिला कळलंय, दादा. मला वाटतं, पहिल्याच सकाळी कळलं असावं, जेव्हा मी शिबिराच्या दिवसात दलिया न करता अंडं करायला लागलो. मी जितका जिवाच्या आकांताने तुझं अंडं शोधत होतो, तितकं मी तिला ओरडून सांगत होतो, की तू येणार नाहीस. पण तिने मला काही विचारलं नाही. अजून विचारत नाही. शिबिराचे दिवस संपले तेव्हा मी म्हणालो, "दादा तिथेच सेवेला थांबलाय." ती म्हणाली, "हौ, त्याला सेवेची आवड आहे." रोज सकाळी भांडं टकटक करतं, ती खाते, मी खरवडतो, आणि आम्ही दोघं तुझ्या शिबिराबद्दल बोलतो. तिथे थंडी असेल का. मौन किती अवघड जात असेल.

आता माझी भीती बदलली आहे. आधी वाटायचं, तिला कळेल. आता वाटतं, तिला कळलंय आणि ती एकटीच भिंतीकडे तोंड करून ते गिळते आहे, मला धक्का बसू नये म्हणून. तिची मुलं आता दोन नाहीत, एकच उरलाय, आणि त्याची छाती तिला जपायची आहे. ती रात्री रडत असेल का? सुजाता म्हणते, आवाज येत नाही. आवाज न करता रडायला आपल्या घरात तिनेच सगळ्यांना शिकवलंय. आणि मी जर तोंड उघडलं, "आई, दादा गेला," तर ती हसून "माहीत आहे रे" म्हणेल की तिथेच तिचा श्वास अडकेल? हे मला कोण सांगणार? मी भाव पाडू शकतो, दम देऊ शकतो, तोट्यातला माल खपवू शकतो. ही एक गोष्ट मला येत नाही.

माळ्यावरचा तो पॅन मी कारखान्यात परत नेला नाही. पुसून पुन्हा खोक्यात घातला आणि तुझ्याच माळ्यावर ठेवला. मला राग आहे, आहेच. पण तू माझ्या तोंडावर "काही चिकटत नाही" म्हणायचास तेव्हा माझा चेहरा कसा फुलत असेल, तेही आता मला दिसतं. माझ्या वाट्याचं जे काही होतं, ते तू मला रोज खोटं बोलून देत होतास. आईलाही तू तेच दिलंस. दुसऱ्याला दुखू नये म्हणून खोटं बोलायची ही तुझी सवय. तू सुटलास, आणि त्या खोट्यात आम्ही दोघं समोरासमोर बसलोय.

म्हणून विचारतो. तू म्हणाला होतास, मी घरी गेलो की आपण होऊन सांगेन. शब्द तुझा होता, माझा नव्हता. आज सकाळी बशी परत देताना आई म्हणाली, "नंदू, मिलिन यायच्या आधी त्याचं अंथरूण उन्हात टाक." मी उचललं आणि गच्चीवर नेऊन टाकलं. संध्याकाळी ते आणून घालायचं, की घडी करून ठेवून द्यायचं? दादा, हे मला नाही, तुला विचारलंय तिने. तू सांग. ऊन उतरायच्या आत सांग.